गुटके गाडीत नव्हते

ओल्या रंगामुळे माणूस मेल्याचं तुम्ही कधी ऐकलं आहे का? मी पाहिलं आहे. आणि त्याचा दोष कागदावर मेलेल्या माणसालाच चिकटवलेलाही पाहिला आहे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी फौजेत व्हेइकल मेकॅनिक होतो, हुद्दा क्राफ्ट्समन. पोस्टिंग नागपूरला, म्हणजे माझ्याच शहरात. सकाळी सहाला फॉल-इन, साडेसहाला बॉनेट वर, साडेबाराला लंगर. रविवारी सदरला एक चक्कर.

लान्सनायक दौलत भोयर आमच्या एमटी शेडमध्ये, म्हणजे फौजी गाड्यांच्या शेडमध्ये, ड्रायव्हर होता. रामटेकजवळच्या खेड्यातला, घरी धानाची शेती. मला तो 'मिस्तरी' म्हणायचा. परेडवर आम्ही हिंदी बोलायचो, गाडीखाली शिरलो की आपली बोली.

मार्चमध्ये जनरलसाहेबांचं वार्षिक इन्स्पेक्शन ठरलं. वार बुधवार. त्याआधीच्या सोमवारी सकाळी भोयर त्याची जीप घेऊन रॅम्पवर आला.

"मिस्तरी, इंजिन बोंबलून राहिलं, पण गाडी काही धावत नाही. चढावर तर म्हातारीसारखी बसते."

"तूच क्लचवर पाय ठेवून चालवत असशील."

"माह्या पायाले काहून दोष देऊन राहिला? आधी पाहून तर घे गा."

मी पाहिलं. हँडब्रेक ओढला, टॉप गिअर टाकला, क्लच सोडला. क्लच धड असेल तर इंजिन तिथेच बंद पडतं. ते आरामात चालत राहिलं. शेडभर जळका वास पसरला. पेडलचा फ्री-प्ले, म्हणजे वरची मोकळी चाल, बरोबर होता. भोयरच्या पायाचा दोष नव्हता.

दुपारपर्यंत प्रॉपेलर शाफ्ट सोडवले, गिअरबॉक्स मागे ओढून उतरवला, प्रेशर प्लेट खोलली. क्लच प्लेट तेलाने काळी, काचेसारखी गुळगुळीत. मी तेल बोटांत चोळून हुंगलं. गिअर ऑइलला उग्र वास येतो. हे पातळ होतं, इंजिनचं. म्हणजे इंजिनच्या मागचं ऑइल सील गेलं होतं. लॉगबुक उघडलं. वर्षात दोनदा प्लेट बदलली होती, सील एकदाही नाही. प्लेट स्टोअरमध्ये मिळत होती, सील मिळत नव्हतं. मग जे मिळतं तेच बदलत राहायचं आणि काम झालं म्हणायचं.

मीही नवी प्लेटच टाकली. फ्लायव्हील पेट्रोलने पुसलं, जुना शाफ्ट घालून प्लेट मध्यावर धरली, बोल्ट आळीपाळीने आवळले. पण जॉबकार्डवर लिहिलं : 'ऑइल सील खराब. नवी प्लेटही तेल पिणार. गाडी व्हीओआर.' व्हीओआर म्हणजे व्हेइकल ऑफ रोड. अशा गाड्यांचा आकडा शेडमधल्या फळ्यावर लिहिलेला असतो.

शेडच्या सुभेदारसाहेबांनी कार्ड वाचलं.

"जनरलसाब के सामने व्हीओआर? बोर्ड पर झीरो चाहिए."

"साब, सील लीक है."

"सील बाहर से दिखता है क्या?"

"नहीं साब."

"तो?"

मी माझी ओळ खोडली. 'फिट' लिहिलं. सही केली. हे मी लपवणार नाही.

मंगळवारी शेडमध्ये जे चाललं होतं ते आठवलं की अजून तोंड कडू होतं. टायरांना काळं पॉलिश. बोल्टांच्या डोक्यांना पांढरा ठिपका. जमिनीवरच्या तेलाच्या डागांवर चुना. चढावर गाडी थांबली तर चाकामागे लावायला लाकडी ठोकळे असतात, त्यांना आम्ही गुटके म्हणायचो. सगळ्या गाड्यांतले गुटके काढून लाल-पांढरे रंगवले आणि भिंतीवर ओळीने टांगले. ऑर्डर होती : इन्स्पेक्शन होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

नऊ वाजता दुसरी ऑर्डर आली. रामटेकच्या टेकडीवर आमच्या वायरलेसवाल्यांची छोटी तुकडी, डिटॅचमेंट, होती. त्यांना पाणी पोचवायचं. भोयरची जीप, मागे पाण्याचा ट्रेलर. नव्या क्लचची रोड टेस्ट मेकॅनिकने करायची, म्हणून स्टिअरिंगवर मी. भोयर शेजारी.

निघताना तो भिंतीपाशी गेला. गुटक्याला बोट लावून पाहिलं. स्टोअरमन ओरडला, "ओये भोयर, हाथ मत लगा! साब मेरी खाल खींचेगा."

भोयर लाल झालेलं बोट मला दाखवत परत आला. "घे, कुंकू लावून धाडून राहिले आपल्याले."

११.४० ला टेकडीचा चढ लागला. तिसऱ्या वळणानंतर इंजिनचा आवाज वाढला आणि वेग पडला. तोच जळका वास. नवी प्लेट एका दिवसात तेलाने माखली होती. जीप थांबली. मी ब्रेकवर पूर्ण वजन टाकलं. हँडब्रेकही ओढला, पण भरलेल्या ट्रेलरपुढे तो एकटा धरणारा नव्हता.

"दाबून ठेव," म्हणत भोयर उतरला. सीटमागची गुटक्यांची जागा रिकामीच होती. रस्त्याकडेचा एक दगड त्याने जीपच्या मागच्या चाकाला लावला, एक ट्रेलरच्या चाकाला. देवळाकडे पायी निघालेली माणसं बाजूने जात होती. हिरव्या लुगड्यातल्या एक बाई थांबल्या, सीटमागच्या रिकाम्या जागेत डोकावल्या.

"काहून गा भाऊ, मिलिटरीच्या गाडीत लाकडाचा ठोकळा नाही काय?"

"आहे न वं मावशी. पण त्याचं इन्स्पेक्शन आहे. नटून बसला आहे तो घरी."

बाई हसल्या. "आमच्या सक्करदऱ्याचा बैलबंडीवालाही दगडाचा भरोसा नाही करत."

भोयर ट्रेलर सोडवायला मागे गेला, जीप आणि ट्रेलरच्या मध्ये. हुकवर ताण होता. तो सुटेना.

"मिस्तरी, ब्रेक जरासा सोड. हळू."

मी पाय हलका केला. जीप दगडावर टेकली. दगड फिरला. जीप हातभर मागे आली आणि ट्रेलर तिच्यावर दुमडला. मी पुन्हा ब्रेक दाबला. जीप थांबली. पण मध्ये उभ्या भोयरला चिरडायला तेवढं हातभर पुरलं होतं.

डिटॅचमेंटचा नाईक सेट घेऊन वरून धावत आला.

"कॅज्युअल्टी एक. अँब्युलन्स भेजो. ओव्हर."

"वेट," पलीकडून आलं. मग थोड्या वेळाने : "गाडी का हाल बताओ. गाडी ऑन रोड है? ओव्हर."

नाईकने सेट तोंडापासून लांब धरला, नासलेलं काही धरावं तसा. "आदमी का पूछो. ओव्हर."

बाई रस्त्यावर बसल्या. भोयरचं डोकं मांडीवर घेऊन त्यांनी आपल्या तांब्यातलं पाणी त्याच्या तोंडात घातलं. १२.१५ ला तो गेला. अँब्युलन्स नंतर आली.

बुधवारी इन्स्पेक्शन झालं. फळ्यावर व्हीओआर झीरो. जीप 'ड्यूटीवर' दाखवली होती. भिंतीवरच्या गुटक्यांचं कौतुक झालं. त्यातले दोन आदल्या संध्याकाळीच जीपमध्ये नेऊन ठेवले होते. ओळीत रिकामी जागा दिसू नये म्हणून सुताराने दोन नवे करून टांगले होते. त्यांचाही रंग ओला होता.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीने लिहिलं : 'गुटके गाडीत उपलब्ध होते. मृताने ते न वापरता दगड वापरला. चूक मृताची.'

गुटके भिंतीवर होते, असं मी जबानीत सांगितलं. मला एकच प्रश्न विचारला : जॉबकार्डवरची सही तुमची का? होय, म्हणालो. विषय संपला. स्टोअरमनने सांगितलं, काहीच पाहिलं नाही. नाईक नंतर आला होता.

करार संपला, मी तो वाढवला नाही. घरी सामान टाकून आधी भोयरच्या खेड्यात गेलो. त्याचे वडील बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, होते. बांधावर बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पोरगं गाडीले बैलासारखा जीव लावे. ते कसं चुकन?" मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "अन् तुले ठाऊक होतं, तं तू फिट काहून लिहिलं?"

मी म्हणालो, सही माझीच आहे.

निष्कर्ष बदला म्हणून मी अर्ज करतो आहे. प्रत्येक वेळी एकच ओळ येते : नवा साक्षीदार असल्यास कळवावे. साक्षीदार आहे. त्या बाईंनी गाडीतली रिकामी जागा पाहिली आणि दौलतला विचारलंही. मी मूर्खासारखा त्यांचं नाव विचारायचं विसरलो.

म्हणून ही विनंती. नागपूरच्या सक्करदऱ्यात राहत असाल तर हे घरातल्या आणि शेजारच्या बायकांना वाचून दाखवा. त्या दुपारी रामटेकच्या चढावर एका जवानाला मांडीवर घेऊन पाणी पाजणाऱ्या बाई सापडल्या, तर त्यांना दौलतच्या वडिलांकडे घेऊन या. लान्सनायक दौलत भोयरची चूक नव्हती, गाडीत गुटके नव्हते, एवढंच कागदावर हवं आहे. लिहिता येत नसेल तर अंगठा चालेल. दौलतचे वडीलही अंगठाच करतात. मात्र लवकर आणा. ते आता बांधीपर्यंतही चालत जात नाहीत.