कपबशीचा उखाणा

टीव्हीवरच्या मालिकेतली सून आमच्या गावात हळदीकुंकवाला येणार, हे ऐकलं तेव्हा मला खरं वाटेना. रोज संध्याकाळी ती आमच्या घरात असते. सासू बोलते, नणंद बोलते, ही मान खाली घालून ऐकून घेते. माझी थोरली जाऊ, तिला मी आक्का म्हणते, ती टीव्हीकडं बोट करून मला म्हणायची, "तुझी बहीनच हाय ही. दोघींनी बी मूग गिळल्यात."

खोटं नव्हतं. मला चार माणसांत बोलता येत नाही. दुकानात साखर मागायची तरी वाटेत एकदा मनात म्हणून बघते.

आमची वस्ती पारनेर तालुक्यात, गावापासून आत. गावात शाळा सातवीपर्यंत. पुढचं हायस्कूल आठ किलोमीटरवर. तिकडं जाणारी सकाळची एसटी गाडी ओढ्यावरचा पूल खचला तेव्हा बंद झाली. पूल नवा झाला, गाडी काही परत आली नाही. या हळदीकुंकवाच्या वर्षी माझी मुलगी सातवीत होती. मी चौथी शिकले, कारण माहेरच्या वस्तीवर शाळाच तेवढी होती. मला कुणी शाळेतून काढलं नाही, पुढं शाळा नव्हती एवढंच. तसंच मुलीचं होणार, असं मला रोज वाटायचं. मुलीचे वडील म्हणायचे, "जून तर येऊ दे." जून येणारच होता. गाडीचं विचारणार कोण?

हळदीकुंकू दादांच्या घरचं होतं. दादा म्हणजे आमच्याकडचे पुढारी. मागच्या निवडणुकीत त्यांची निशाणी कपबशी होती. नंतर ते, ज्यांना भाषणात शिव्या द्यायचे, त्यांच्यातच गेले आणि निशाणी झाली छत्री. मागच्या वेळी त्यांच्या माणसांनी आम्हा बायकांकडून कपबशीचा उखाणा पाठ करून घेतला होता. आता निवडणूक पुन्हा जवळ आली आणि छत्रीच्या उखाण्याचे छापील कागद घरोघर आले.

"नटीम्होरं प्रश्न इचारायचा न्हाई म्हनं," आक्का म्हणाली. "नुसते उखाणे घ्यायचे. मग उखाण्यातच इचारू की!"

भाकरी थापता थापता तिनं जुळवलंसुद्धा:

"सातवी संपली लेकीची, आठवीची घाई,
अमक्यांचं नाव घेते, यष्टी का येत न्हाई?"

"तुमीच म्हना, आक्का."

"माझ्या पोरींची लग्नं झाली. पोरगी तुझी, तोंड तुझं. अमक्याच्या जागी तेवढं नवऱ्याचं नाव घाल म्हंजी झालं."

मी तो उखाणा चार दिवस म्हणत होते. विहिरीवर, गोठ्यात, केर काढताना. शेळ्यांनासुद्धा पाठ झाला असेल.

मंडप बायकांनी भरून गेला होता. मालिकेतली ती सून आली तेव्हा सगळ्या उठून उभ्या राहिल्या. टीव्हीत दिसते त्यापेक्षा ती ठेंगणी होती. तिला धुळीनं दोन शिंका आल्या. मला त्याचंच नवल वाटलं. दादांची बायको, गाव त्यांना वहिनी म्हणतं, तिच्या शेजारी बसल्या. माइकवाला माणूस तिला एकेक विचारायला लागला. कांद्याच्या भावाबद्दल तुमचं मत काय? मुलांच्या हातात मोबाईल द्यावा का? देश पुढं चाललाय का मागं? ती सगळ्याला हसून चांगलं चांगलं बोलत होती. माझ्या मनात आलं, चेहरा ओळखीचा झाला की माणसाला कांद्याचंही विचारतात. कांदा पिकवणाऱ्या आम्ही खाली सतरंजीवर बसलेल्या.

मग उखाणे सुरू झाले. छत्री, छत्री, छत्री. आक्कानं मला मागून ढोसलं आणि मी कशी उभी राहिले ते मला आठवत नाही. माइक हातात आला. माझाच श्वास मोठ्या कर्ण्यांतून गावभर ऐकू आला. समोर पाहिलं तर ती माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते भलतंच:

"कपबशीत चहा, वर दुधाची साय..."

मंडप गार पडला. मागून कुणी तरी खुसखुसलं. वहिनींच्या हातात हळदीची वाटी होती, ती तशीच राहिली. माइकवाला धावत आला, "बसा बसा ताई, झालं तुमचं," म्हणत माझ्या हातातून माइक ओढायला लागला. मी सोडूनच दिला असता.

"थांबा," ती म्हणाली. दुसरा माइक तिच्या हातात होता. "त्यांचं अजून व्हायचंय. आणि ताई, घाबरू नका. मागच्या वेळी मीही कपबशीच म्हणत फिरत होते."

एक क्षण कुणाला कळेना, हसावं का नाही. मग आक्का हसली, आणि आक्का हसली की मंडपाला काही उपायच राहत नाही. वहिनीसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. मी मात्र तिच्याकडे बघतच राहिले. मालिकेत एक शब्द उलटा न बोलणारी ही बाई, ज्यांनी बोलावलं त्यांच्याच मंडपात, त्यांच्याच माइकवर खरं बोलून मोकळी झाली. आणि आभाळ पडलं नाही.

मग मी म्हणाले. सातवी संपली लेकीची, आठवीची घाई, यष्टी का येत न्हाई?

"अहो, नाव राहिलं की!" ती म्हणाली.

खरंच राहिलं होतं. उखाणा घ्यायचा तो नवऱ्याचं नाव घेण्यासाठी आणि मी तेच गाळलं होतं. सगळ्या बायका आ वासून बघत होत्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "नाव ऱ्हाऊ द्या, यष्टी द्या."

हे मी पाठ केलेलं नव्हतं. कुठून आलं, मला आजही सांगता येत नाही.

टाळ्या थांबल्यावर ती वहिनींकडे वळली. "मघापासून मी सगळ्यावर मत देतेय," ती म्हणाली, "पण खरं सांगू, इथलं मला काही ठाऊक नाही. यांची मुलगी आठवीला गेली पाहिजे, एवढं मात्र कळतं." एवढ्या मोठ्या माणसानं मला ठाऊक नाही म्हणावं! आमच्याकडं असं म्हणणारा पुढारी मी पाहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या मोबाईलवर होते. दादांच्या जुन्या पक्षातल्या कपबशीवाल्यांनी माझं पहिलं वाक्य कापून पाठवलं, 'दादांच्या मंडपात जनतेचा आवाज!' दादांच्या लोकांनी तेवढंच काढून टाकलं आणि पुढचं पाठवलं, 'दादांच्या मंडपात माताभगिनींना बोलण्याचं स्वातंत्र्य!' एकाच तोंडाचे दोन तुकडे दोन्हीकडं फिरत होते. आक्कानं त्या व्हिडिओंखाली लोकांनी लिहिलेलं वाचून दाखवलं. कुणी त्या नटीला वाईट वाईट बोललं होतं, कुणी मला. कधी न पाहिलेल्या माणसांना माझा राग आला होता, याचं मला नवल वाटत राहिलं. ती पुन्हा आमच्या भागात कुणाच्याच प्रचाराला आली नाही. खरं बोलून तिचं काय झालं, हे मला कळलं नाही. मालिकेत ती अजून गप्पच असते.

मला भीती होती ती घरची. मुलीचे वडील संध्याकाळी आले, चपला काढल्या, पाय धुतले. मग म्हणाले, "साऱ्या तालुक्यानं उखाणा ऐकला. त्यात माझं नाव कुठंय?"

"ऱ्हायलं."

"ऱ्हायलं व्हय? आता लोक मला 'यष्टी' म्हनूनच हाक मारत्यात."

आणि ते हसायला लागले. मुलगी, मी, तेही, किती तरी वेळ.

दादा म्हणाले, गाडी आम्ही आणणार. कपबशीवाले म्हणाले, अर्ज आमचा आधीचा. दोघंही हट्टाला पेटले आणि जूनमध्ये शाळा उघडली त्या सकाळी पुलावरून गाडी आली. तिच्यापुढं दोन नारळ फुटले, एक या बाजूनं, एक त्या बाजूनं. दोन्हीकडं घोषणा चालू होत्या. मला कुणी ओळखलं नाही, ते बरंच झालं. मी पदर घट्ट धरून उभी होते आणि गाडीच्या चाकांकडं बघत होते. मागच्या चाकाला ओढ्यातला चिखल लागला होता. म्हणजे गाडी खरंच आली होती.

मुलीच्या हातात हळदीकुंकवाला वाण म्हणून मिळालेला स्टीलचा डबा होता. त्यावर छत्रीचा कागद चिकटवलेला होता. घासताना तो निघाला आणि खाली कपबशीचा कागद दिसला. तो काही केल्या निघेना. मुलगी म्हणाली, "ऱ्हाऊ दे आई, भाकरीला काय कळतंय?"

ती चढली. आमच्या वस्तीवरच्या आणखी तिघी चढल्या. कंडक्टरनं घंटी मारली. खिडकीतून मुलीनं मला ओरडून काही विचारलं, घोषणांत ऐकू आलं नाही. मी मात्र तिच्याहून मोठ्यानं ओरडले, "संध्याकाळी हितंच उभी ऱ्हाते गं!"

चार माणसं वळून माझ्याकडं बघायला लागली. मी बघू दिलं.