लाल तो नर, निळी ती मादी

माझ्या बायकोच्या मामांइतका ठाम माणूस साऱ्या सुरतेत दुसरा नसेल, आणि हा सगळा ठामपणा कबुतरांच्या पिल्लांवर खर्च व्हावा याचा मला आजही संताप येतो. पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये ते कलर मास्टर होते. दोन साड्यांच्या रंगातला फरक नुसत्या डोळ्यांनी सांगायचे. ठीक आहे, त्याचा पगार मिळत होता. पण घरी आले की तेच डोळे गच्चीवरच्या खुराड्याकडे वळत आणि पुरती पिसंही न फुटलेलं पिल्लू तळहातावर घेऊन मामा जाहीर करत, "हाऊ नर शे." पिल्लाला स्वतःला अजून पत्ता नसायचा. आई लाल आणि बाप निळा असेल तर लाल पिल्लू नर, निळं मादी, हा त्यांचा कायदा. त्याला वागणुकीची पोटकलमं. हात पुढे केल्यावर चोच मारतो तो नर, कोपऱ्यात सरकते ती मादी. बरं, हे कबुतरांपुरतं ठेवावं की नाही? मला बघायला आले तेव्हा मी चहा घेताना जरा मागे सरकून बसलो, तर आत जाऊन भाचीला म्हणाले, "पोऱ्या गरीब शे, चोच मारत नही." आमचं लग्न या शिफारशीवर झालं. हे मला बायकोनं सांगितलं, तेही भांडणात.

लग्नानंतरच्या पहिल्या उतराणीला, म्हणजे संक्रांतीला, गच्चीवर पतंगांचा मांजा लागेल म्हणून, मामांनी आपल्या खुराड्यात जन्मलेलं एक लाल आणि एक निळं तरुण कबुतर खोक्यात घालून आमच्या गॅलरीत आणून ठेवलं. उतराण गेली, कबुतरं राहिली. "लाल तो नर, निळी ती मादी. आते पिल्लं व्हतीन," मामा म्हणाले. वाळत घातलेल्या एकुलत्या एका पांढऱ्या शर्टाची दशा बघून माझं डोकं फिरलेलं होतं. सगळ्या शेजाऱ्यांसमोर मी म्हणालो, "मला तर दोन्ही माद्या वाटतात." मला कबुतरातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मामांना लागलं. "जवाईबापू, हाई जोडी खोटी निंघनी तर मन्ही सगळी कबुतरं वाटी दिसू."

त्या दिवसापासून मी टपून बसलो. पण ते लाल कबुतरही मामांना सामील. मान फुगवून, घुमत, निळीभोवती फेऱ्या मारायचं. मी जवळजवळ हार मानली होती आणि एका सकाळी घरट्यात चार अंडी दिसली. मादी एका वेळी दोनच घालते, हे मामांनीच मला शंभरदा ऐकवलेलं; चार म्हणजे दोन्ही माद्याच. मी त्यांना हाताला धरून आणलं. मामांनी चार अंडी बघितली, लाल कबुतराकडे बघितलं आणि "चहा करा" म्हणाले. चहा घेतला आणि गेले. मी मात्र चाळभर सांगून आलो.

आणि मग घरट्यात दोन पिल्लं निघाली. दोन माद्यांच्या अंड्यांतून पिल्लं? मी तणतणत मामांच्या गच्चीवर गेलो. "मामा, तुम्ही अंडी बदललीत. ही शुद्ध लबाडी आहे."

"बदलनी," मामा शांतपणे म्हणाले. "मन्हा खुराडामधली ठेवनी. दोन्ही माद्या शेतस, माले तवयच समजनं. दोन्हीसना बाप लाल व्हता, माय निळी; मीच उलट धरेल व्हतं. पण अंडासवर बठेल जीवले उठाडानं कसं?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी खुराड्याचं दार उघडून दाखवलं. आत एकही कबुतर नव्हतं. दिलेल्या शब्दाप्रमाणे सगळी कडोदऱ्याच्या एका ओळखीच्या माणसाकडे पोचवली होती. मला नुसतं हरवायचं होतं हो त्यांना, गच्ची रिकामी करायची नव्हती. मला फार वाईट वाटलं, आणि त्यांचा रागही आला, कारण आता भांडायलाही काही उरलं नव्हतं.

त्यानंतर मामा रोज संध्याकाळी ड्युटीवरून सरळ आमच्या गॅलरीत येत आणि दोन्ही आया पिल्लांना भरवताना बघत बसत. पिल्लांना पिसं फुटली, एक लाल, एक निळं. मी दोन्ही उचलून त्यांच्यासमोर धरली.

"मामा, सांगा. नर की मादी?"

मामांनी लाल पिल्लाच्या डोक्यावरून एक बोट फिरवलं. "मोठं व्हऊ द्या," म्हणाले, "तेच सांगी."

आयुष्यभर न विचारता सांगितलं, आणि मी पहिल्यांदा विचारलं तर हे. काहीही सांगायचं होतं त्यांनी, साफ चुकीचं असतं तरी मी खरं मानलं असतं.