नाडीवरचा ठिपका

टेबलावर सूप ठेवलं होतं. सुपात मूठभर तांदूळ. मागच्या भिंतीवर रक्ताभिसरणाचा तक्ता, लाल आणि निळ्या नसांचा. टेबलाच्या अलीकडे मी उभी होते, अनवाणी. चपला बाहेर काढायला मला एकटीलाच सांगितलं होतं.

"हात पुढे कर," मॅडम म्हणाल्या.

मी हात पुढे केला. मनगटावर निळ्या पेनाचा एक ठिपका होता. तसाच ठिपका प्राजक्ताच्या मनगटावर होता. तिची आई तो मघापासून सगळ्यांना दाखवत होती.

"बघा की. दोघींच्या हाताला एकाच जागी. हिनंच केलंय. ह्या लोकांत असतंय असलं."

ह्या लोकांत. म्हणजे आमच्यात. डोंगरातल्या पाड्यांवरच्या माणसांत.

मी एकोणीस वर्षांची होते. बोईसरजवळच्या एका नर्सिंग शाळेत, तिथल्याच होस्टेलवर. बारावी होऊन इथवर आलेली आमच्या पाड्यावरची पहिली मुलगी. प्राजक्ता माझ्याच वर्गात, माझ्याच वयाची. घर सालवडला. वडील कारखान्यात कामाला, मूळचे सांगलीकडचे.

आमच्या शाळेला पाड्यांवर भुताळींची शाळा म्हणत. भुताळी म्हणजे चेटकीण. आम्ही पांढरे एप्रन घालून जायचो, बोट टोचून रक्त घ्यायचो, बाळांना सुया द्यायचो. बाया पोरं उचलून घरात पळायच्या. "आल्या भुताळी, रगत प्यायला!" आमच्या मुलींना याचं फार हसू यायचं. प्राजक्ता तर जेवायला बसताना विचारायची, "काय गं भुताळ्यांनो, आज कुणाचं रक्त?"

मला हसू यायचं नाही. पाड्यावर एक बाळ तापानं गेलं तेव्हा नाव माझ्या आत्याचं निघालं होतं. तिला हाकलून दिलं. ती कुठे गेली, आजही माहीत नाही. एका दुपारी हे मी प्राजक्ताला सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत नव्हतं गं." त्यानंतर भुताळी हा शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. आमचं जे झालं, ते तिथून सुरू झालं असं मला वाटतं.

पहिल्या वर्षी नाडी बघायला शिकवतात. प्राजक्ताची नाडी खोल होती. मला सापडायची नाही. शेवटी तिनंच जिथे ठोका लागतो तिथे पेनानं ठिपका काढला. "घे. आता चुकायची नाहीस." मग माझ्या हातावर तिनं काढला. परीक्षा झाली, ठिपके राहिले. आंघोळीत पुसट झाले की पुन्हा काढायचे. तिचा मी, माझा तिनं. नाडी एक मिनिट मोजायची असते. आमचं मिनिट संपायचं, बोटं तिथेच राहायची. एकदा प्रॅक्टिकलच्या खोलीत, रबराच्या पेशंटशेजारी बसलेलो असताना, तिनं माझ्या कपाळावर ओठ टेकले. हे काय आहे ते आम्हाला दोघींना कळत होतं. नाव घ्यायची हिंमत नव्हती.

एका मुलीनं पाहिलं. तिनं मॅडमना सांगितलं. मॅडमनी प्राजक्ताच्या आईला.

मुलीचं मुलीवर प्रेम असू शकतं, हे त्या बाईला ऐकवेना. चेटूक त्यापेक्षा सोपं होतं. चेटूक उतरवता येतं. शेजारणीनं पाम गावातला एक भगत सुचवला. आणि आम्हाला ताप जंतूंनी येतो हे शिकवणाऱ्या मॅडमनी त्याला ऑफिसात घेतलं, दार लावलं. "शाळेचा बोभाटा नको," म्हणाल्या.

भगत म्हातारा होता. आमच्याच लोकांतला. माझ्याकडे एकदा बघून त्यानं नजर खाली घातली. त्याची दाणे पाहायची रीत अशी, की सुपातले चिमूटभर तांदूळ वेगळे काढायचे आणि दोन-दोन करून बाजूला सारायचे. सगळ्या जोड्या लागल्या तर बाई निर्दोष. एक दाणा एकटा उरला तर ती भुताळी.

त्याचं बोट हळू चालत होतं. दोन. दोन. दोन. मी शिकलेली मुलगी. तरीही मी श्वास रोखून उभी होते. शेवटी दोन दाणे राहिले.

"जोडी लागली," तो म्हणाला. "पोरीत काय नाय."

"परत बघा," प्राजक्ताची आई म्हणाली.

"दोनदा इचारायची रीत नाय, बाई." त्यानं दाणे फडक्यात बांधले, सूप उचललं. दारात थांबून मॅडमना म्हणाला, "आमी अडाणी मानसं. तुमी तं शिकलेल्या ना?"

भगतानं मला सोडलं. मॅडमनी सोडलं नाही.

"आईंचं समाधान होऊ दे," त्या म्हणाल्या. "तिच्या हातावरचा ठिपका पूस आणि म्हण, मी माझं परत घेतलं. एवढं केलंस तर इथेच शीक. नाहीतर दाखला घे आणि पाड्यावर जा."

कोपऱ्यातून प्राजक्ता बोलली. "तिनं काही केलेलं नाही. जे आहे ते दोघींचं आहे."

आईनं तिच्या तोंडात मारली. तिनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं. दुसरी थप्पड बसली.

मॅडमनी माझ्या हातात स्पिरिटचा बोळा दिला. मी तिचा ठिपका पुसला. शाई सहज निघाली. खाली नाडी जोरात उडत होती. ठिपक्याशिवाय ती मला पहिल्यांदाच सापडली.

मी म्हटलं, "मी माझं परत घेतलं."

प्राजक्तानं हात ओढून घेतला नाही. मलाच तो सोडावा लागला.

दुसऱ्या दिवशी तिला घरी नेलं. तिचं उरलेलं शिक्षण आणि लग्न दोन्ही सांगलीकडे झालं. मी इथेच शिकले, सिस्टर झाले, डोंगरातल्या उपकेंद्रात लागले. तिनं दोनदा फोन केला. मी उचलला नाही. परत घेतलेलं पुन्हा द्यायचं कसं, मला कळत नव्हतं. अशी अकरा वर्षं गेली.

गेल्या महिन्यात बॅचच्या ग्रुपवर तिचा फोटो आला. खाली जोडलेल्या हातांची चित्रं. मेंदूत रक्तस्राव झाला, दोन दिवसांत गेली.

शाळेनं शोकसभा ठेवली. पहिल्या रांगेत तिची आई. मागे नव्या मुली, पांढऱ्या एप्रनमध्ये. मॅडम आता प्राचार्य आहेत. त्या माइकवर म्हणाल्या, "ही प्राजक्ताची जवळची मैत्रीण. दोन शब्द बोलेल." मग माइक बाजूला धरून मला म्हणाल्या, "दोनच हं."

चार दिवस खपून लिहिलेला कागद माझ्याकडे होता. तो मी उघडला नाही.

म्हटलं, "मी तिची मैत्रीण नव्हते. माझं तिच्यावर प्रेम होतं आणि तिचं माझ्यावर. या इमारतीतल्या ऑफिसात मला म्हणायला लावलं, की मी माझं परत घेतलं. मी तसं म्हटलं. ते खोटं होतं. मी काहीही परत घेतलेलं नाही."

प्राजक्ताची आई उठली. केस पार पांढरे झाले होते.

"अजून सोडंना ही भुताळी माझ्या पोरीला."

"नाही सोडणार, काकू," मी म्हटलं.

मला हलकं वाटलं नाही. जिनं ऐकायला हवं होतं ती नव्हती. तिनं दोन थपडा खाऊन जे एकोणिसाव्या वर्षी म्हटलं, ते म्हणायला मला तिचं मरण लागलं.

परवा मॅडमचा फोन आला. लेखी माफी पाहिजे. तोवर माझ्या उपकेंद्रात प्रॅक्टिकलला मुली पाठवणार नाहीत. नव्या मुलींवर परिणाम होतो म्हणाल्या.

माफी मिळणार नाही, असं मी त्यांना लिहून पाठवलं आहे. खाली पूर्ण नाव, पाड्याचं नाव. सही करताना मनगट समोर होतं. त्यावर ठिपका होता. आता तो रोज सकाळी मीच काढते.

आणखी एक ओळ लिहिली. त्या ऑफिसात पुन्हा कुठली मुलगी अनवाणी उभी केलीत, तर मी येईन. चपला घालून आत येईन.