चिकटपट्टीशिवाय

तीन मजली दुकानात तिची जागा तळमजल्यावर, जिन्याखाली होती. जिना डोक्यावरून तिरपा उतरत यायचा, त्यामुळे टेबलाच्या एका टोकाला तिला सरळ उभं राहता येई आणि दुसऱ्या टोकाला वाकावं लागे. तिथे उभं राहून तिने एकोणीस वर्षं लोकांच्या भेटवस्तू कागदात बांधल्या. हजेरीपुस्तकात तिचं नाव होतं, पण आम्ही सगळे तिला पॅकिंगताईच म्हणायचो. मी शेजारच्या काचसामानाच्या विभागात होते. बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत घडलं, उरलेलं तिने डबा खाताना सांगितलं.

तिचा हात फार चालायचा. चकचकीत कागद पसरायचा, खोकं मधोमध ठेवायचं, कात्री एकदाच फिरवायची आणि टेबलाच्या कडेला आधीच कापून लावलेल्या चिकटपट्टीचे तीन तुकडे उचलायचे. चौथा लागला की ती स्वतःवरच चिडायची. गिऱ्हाइकाने पाकीट खिशात घालेपर्यंत पुडकं तयार.

मग तिची बोटं चिरू लागली. आधी उजव्या हाताचा अंगठा, मग त्याच्या शेजारचं बोट. भांड्यांच्या साबणाने होतंय, असं ती म्हणाली. साबण बदलला, नवऱ्याने भांडी घासायला घेतली, तेलं झाली, मलमं झाली. दोन महिन्यांत दोन्ही हातांची सालपटं निघायला लागली. कागदावर रक्ताचा डाग दिसू नये म्हणून ती गिऱ्हाइकांना लाल कागदच सुचवत होती, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

शेवटी ती त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी तिच्या पाठीवर वेगवेगळे पदार्थ ठिपक्याठिपक्यांनी लावून दोन दिवस तसेच ठेवले. तिसऱ्या दिवशी दोन ठिपके सुजून वर आलेले होते. एक चिकटपट्टीच्या गोंदाचा, दुसरा चकचकीत कागदावरच्या लेपाचा.

"काम बदला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"काम म्हणजे काय उशीचा अभ्रा आहे का हो, बदलायला?"

"मग बोटं अशीच राहतील. मी काय सांगणार?"

आमचे मालक काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला रबरी हातमोजे आणून दिले. पट्टी मोज्याला चिकटायची आणि मोजा पुडक्याला. एकदा एक बाई दुसऱ्या दिवशी परत आल्या आणि त्यांनी मोज्याचं तुटलेलं बोट काउंटरवर ठेवलं. "हे आमच्या भाच्याच्या भेटीबरोबर आलं," म्हणाल्या. मालकांनी पॅकिंगताईला बोलावलं.

"महिनाभर बघू. नाही जमलं तर वर गोदामात बसा. माल लावायचा, बस्स. कुणाशी बोलायलाही नको."

दिवसभर अनोळखी माणसांशी बोलून जगणाऱ्या बाईला ही सवलत वाटणं शक्यच नव्हतं.

त्या रविवारी ती भावाकडे गेली. तिचे वडील तिथे राहायचे. त्यांनी उभा जन्म एका डॉक्टरांकडे कंपाउंडर म्हणून काढला होता. आता स्वतःच्या गोळ्याही ते सकाळच्या, दुपारच्या, रात्रीच्या अशा कागदाच्या पुड्यांत बांधून ठेवत. सुनेने आणलेली कप्प्यांची प्लास्टिकची डबी तशीच पडून होती. लेक समोर बसून बघत राहिली. चौकोनी कागद, दोन घड्या, एक टोक दुसऱ्याच्या पोटात. गोंद नाही, दोरा नाही, आणि पुडी उलटी करून हलवली तरी उघडत नाही.

"बाबा, हे मला दाखवा."

"लहानपणापासून बघतेयस की."

"बघत होते. पाहिलं नव्हतं."

त्यांनी दाखवलं. तिचं चुकलं. "खोचायचं आतून, अगं, बाहेरून नाही! एवढी वर्षं काय पॅकिंग केलंस तू?" म्हातारबुवा खरोखरच चिडले होते. चहा गार होईपर्यंत दोघं पुड्या बांधत बसले.

पुडीची घडी खोक्याला बसवायला तिला आठवडा लागला. चकचकीत कागद आता वर्ज्य होता, आणि तसाही तो घडी धरत नाही, हात काढला की फणा काढतो. मग ती माझ्याकडे आली. कपबश्यांच्या खोक्यांतून चुरगळलेला खाकी कागद निघायचा, तो आम्ही कचऱ्यात टाकायचो. तिने तो घरी नेऊन पाण्याचा हबका मारून इस्त्री केला. घडी पक्की बसली. वर्तमानपत्रही करून बघितलं, पण त्याची शाई नवऱ्याच्या पांढऱ्या सदऱ्याला लागली, तेव्हा ते बाद झालं. जुन्या कॅलेंडरची पानं जाड, कोरी बाजू वर केली की उत्तम. पलीकडच्या गल्लीतला शिंपी चिंध्या पोत्यात भरून फेकायचा, त्यातल्या लांब पट्ट्या तिने निवडून आणल्या. मुलीचा आखूड झालेला स्वेटर उसवून लोकर काढली. अर्धा बटाटा कोरून त्याचा ठसा केला. चांदणी करायला गेली होती, झालं काहीतरी कोळ्यासारखं. मग तिने कोळीच ठेवला. लहान मुलांच्या भेटींवर तो छान दिसायचा.

गिऱ्हाइकांना मात्र पटेना. "हे काय, वाण्याकडून आणलंय का?" एका बाईंनी विचारलं. दुसऱ्या एका गृहस्थांनी पुडकं हातात फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "छान आहे. पण साहेबांना द्यायचंय हो." पहिल्या आठवड्यात तिने जेमतेम चार पुडकी बांधली. बाकीच्यांना खेळण्यांच्या विभागातली मुलगी येऊन चकचकीत कागद लावून द्यायची, आणि पॅकिंगताई हात मागे बांधून तिला कोपरे सांगायची.

दुसऱ्या आठवड्यात साठीचे एक गृहस्थ छोटा रेडिओ घेऊन आले.

"कुठला कागद दाखवू?" तिने विचारलं.

"कुठलाही द्या. आमच्या मंडळींना दिसत नाही."

तिने कात्री खाली ठेवली. "घाई नाही ना तुम्हाला?"

आत कॅलेंडरचा गुळगुळीत कागद. त्यावर खाकी, आणि हा मात्र तिने मुद्दाम पुन्हा चुरगळला. त्यावर शिंप्याकडची कॉर्डरॉयची रेघारेघांची पट्टी, वर लोकर, आणि लोकरीला बोटांनी मोजता येतील अशा अंतरावर गाठी. तिच्या डब्याच्या पिशवीत वाळलेली संत्र्याची सालं होती, त्यातला एक तुकडा तिने घडीत सरकवला. गृहस्थ तिच्या हाताकडे बघत उभे होते. आभार मानून गेले.

आठ दिवसांनी परत आले. "उघडायला अर्धा तास लावला हो तिने. मी म्हटलं, अगं, रेडिओ आहे. तर म्हणाली, गप्प बसा, सांगू नका." मग त्यांनी पिशवीतून पट्टी, लोकर आणि दोन्ही कागद काढले. सगळं नीट घडी घातलेलं होतं. "हे पुन्हा चालेल का? येत्या महिन्यात मेव्हणीचा वाढदिवस आहे."

त्या दिवशी ती डबा अर्धवट ठेवून उठली. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "काही नाही, पोट भरलं."

महिना संपला तेव्हा मालक स्वतः जिन्याखाली आले. त्यांनी एक पुडकं उचललं, उलटं करून हलवलं.

"उघडत नाही."

"नाही उघडायचं."

"पण फुकटचं दिसतं, ताई. लोक म्हणतील दुकान बसलं."

"मग पाटी लावा. लपवलं की फुकटचं दिसतं."

मालकांनी विचार करायला आणखी तीन दिवस घेतले. मग पाटी लागली: 'चिकटपट्टीशिवाय बांधून मिळेल. घरचं कापड, कागद आणलात तरी चालेल.' चकचकीत कागदासाठी जिन्याच्या दुसऱ्या बाजूला वेगळं टेबल मांडलं. निम्म्याहून जास्त लोक शेवटपर्यंत त्याच टेबलावर गेले, हेही सांगायला हवं. पण जिन्याखाली लोक जुन्या ओढण्या, फाटके रुमाल, मुलांच्या चित्रकलेच्या वह्या घेऊन यायला लागले. एका बाईंनी वारलेल्या नवऱ्याचा शर्ट आणला. लेकीला घड्याळ द्यायचं होतं, ते त्यात बांधून हवं होतं. पॅकिंगताईने बाही तेवढी वापरली, तिच्या कफाचं बटण लावलं आणि उरलेला शर्ट इस्त्रीच्या घडीत परत दिला.

तिची बोटं भरून यायला पाऊण वर्ष लागलं. वडील एकदा दुकानात येऊन काम बघून गेले. दोन कोपऱ्यांना त्यांनी नावं ठेवली. त्यातला एक कोपरा खरंच चुकला होता.

पुढे सहा वर्षांनी मालकांनी दुकान विकलं. नव्या लोकांनी तयार पिशव्या आणल्या आणि आम्ही दोघीही बाहेर पडलो. ती आता शनिवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत अशी पुडकी बांधायला शिकवते. मी परवा गेले होते. आठ-दहा जण होते, बहुतेक बायका. ती पूर्वीसारखीच बोलत होती, पूर्वीसारखीच चिडत होती. सगळ्यात सुबक पुडकं एका निवृत्त बस ड्रायव्हरचं झालं होतं, आणि ते कुणाला द्यायचं हे त्यांना अजून ठरवता आलं नव्हतं.