बाबांची सावकाश प्रदक्षिणा

मला चिडून लिहायची सवय आहे. कॉलेजात होते तेव्हापासून पत्रकंच लिहीत आले. घाटावर प्लॅस्टिकचे द्रोण सोडू नका, निर्माल्य पिशवीसकट फेकू नका, तुमच्या नळाला येते तीही नर्मदाच आहे. पत्रकात वाक्य छोटं लागतं आणि दोषी समोर लागतो. इथे दोषी शोधायला गेले तर घरातलीच माणसं सापडतात, त्यात मीही, म्हणून हे लिहिणं जड जातंय. आणि खरं सांगायचं तर मी भक्त आहे की नाही, याचीच मला खात्री नव्हती. नर्मदामैयाची बाजू घेऊन मी अख्ख्या जबलपुरात भांडले, पण तिच्यापुढे उभं राहून काही मागितल्याचं आठवत नाही. मागणारे लोक मला भित्रे वाटायचे.

बाबा मागणारे नव्हते, तरी भक्त होते. फॅक्टरीतून निवृत्त झाल्यावर रोज सकाळी ग्वारीघाटावर जाऊन स्नान आणि मग वरच्या देवळाला प्रदक्षिणा, हा त्यांचा नेम. नोकरीत असताना आठवड्याला उपास दोनच होते. निवृत्तीनंतर सोमवार आले, प्रदोष आला, चतुर्थी आली. आधी ते प्रदक्षिणा झपाझप घालायचे. मग हळूहळू त्यांची चाल बदलली. पावलं लहान झाली, फरशीला चिकटल्यासारखी सरकायला लागली. वळताना तर ते जागच्या जागी कितीतरी छोटी छोटी पावलं टाकायचे. फुलवाला म्हणायचा, ‘‘बाबूजी तो मैया में लीन हो गए.’’ आई ते घरी येऊन कौतुकानं सांगायची. त्याच सुमारास त्यांचं बोलणं कमी झालं. क्रिकेटवरून आणि राजकारणावरून शेजारच्यांशी वाद घालणारा माणूस गॅलरीत नुसता बसून राहू लागला. आई म्हणाली, ‘‘चला, आता कुठे तुझे बाबा शांत झाले.’’ आम्ही त्याला वैराग्य म्हणालो. किती सुंदर शब्द सापडला होता आम्हाला!

मी तर त्याही पुढे गेले. सणावारी घाटावर धक्काबुक्की होते, म्हातारी माणसं पडतात, म्हणून आम्ही एक मोहीम काढली होती. त्यासाठी मी बाबांच्या प्रदक्षिणेचा मोबाइलवर व्हिडिओ काढला. चेहरा कमी, पावलंच जास्त. खाली लिहिलं, ‘श्रद्धेला घाई नसते.’ लोकांनी तो भराभर पुढे पाठवला. माझ्या एवढ्या पत्रकांना मिळाली नव्हती तेवढी शाबासकी त्या लहान पावलांना मिळाली. मला बाबांचा अभिमान वाटला. आज तो व्हिडिओ मला बघवत नाही.

काही दिवसांनी घाटावर पत्रकं वाटत असताना एक बाई थेट माझ्याकडे आली. साठीची असेल, खांद्यावर पिशवी, पिशवीतून कोथिंबीर डोकावत होती. मला वाटलं, भांडायला आली. दिवे सोडू नका म्हटलं की रोज कुणीतरी भांडतंच.

‘‘बिटिया, वो वीडियो वाले बाबूजी तुम्हारे पिताजी हैं?’’

मी हो म्हटलं. व्हिडिओतलं देऊळ ओळखून ती इतक्या लांब शहपुऱ्याहून आली होती. बाबा पायरीवर बसले होते. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘बाबूजी, जरा चलके दिखाओ. अब मुड़ो.’’ बाबा उठले, चार पावलं सरकले, वळायला लागले आणि वळतच राहिले. त्या बाईनं त्यांचा दंड धरला. मग माझ्याकडे वळून तिनं असं ऐकवलं की मला आजवर कुणी तसं ऐकवलं नव्हतं.

‘‘हमारे इनको भी सब महात्मा कहने लगे थे. चुप हो गए थे, ऐसे ही चलते थे. हमने भी खूब पाँव छुए उनके! जब गिरे, तब पता चला कि दिमाग की बारीक नसें सूख रही थीं. तुम इतना परचा बाँटती हो बिटिया, बाप को डॉक्टर को दिखाया?’’

मी पुढच्या माणसाला पत्रक द्यायला वळले. ती म्हणाली, ‘‘श्रद्धा मन में होती है, पाँव में नहीं.’’ आणि स्नान करायला खाली निघून गेली. मी तिचं नाव विचारलं नाही. तिच्या नवऱ्याचं पुढे काय झालं, हेही विचारलं नाही. राग आला होता ना! राग ओसरला तेव्हा घाटावर ती कुठेच दिसली नाही.

नेपियर टाउनमधल्या डॉक्टरांनी बाबांना चालायला लावलं, शंभरातून उलट मोजायला सांगितलं, मेंदूचा एमआरआय केला आणि रक्तही तपासायला पाठवलं. मला लगेच कमिशनचा वास आला. ‘‘एवढ्या तपासण्या काहून?’’ मी टेबलावर हात आपटून विचारलं. डॉक्टर चिडले नाहीत. एमआरआयच्या फिल्मवरचे पांढरे डाग दाखवत म्हणाले की मेंदूतल्या अगदी बारीक रक्तवाहिन्या खराब होतात तेव्हा असं दिसतं. रक्तातून हा आजार सरळ कळत नाही, पण त्या वाहिन्यांवर मार कुठून बसतोय, याच्या खुणा रक्तात सापडतात. बाबांच्या रक्तात त्या होत्या. तीन महिन्यांची सरासरी साखर वाढलेली, बी-ट्वेल्व्ह फार कमी, आणि ते कमी झालं की रक्तात साचणारं होमोसिस्टीन नावाचं द्रव्य बरंच जास्त. रक्तदाब तर, गोळी चालू असूनही, त्या दिवशी फारच चढलेला होता.

‘‘बीपीची गोळी रोज घेता ना?’’ डॉक्टरांनी विचारलं.

बाबा बराच वेळ थांबून म्हणाले, ‘‘उपास सोडून.’’

आई चटकन म्हणाली, ‘‘अहो, उपासाला गोळी कशी चालेल? तिच्यात काय काय घालत असतील!’’

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. साबुदाणा चालत होता, शेंगदाण्याची आमटी चालत होती, बटाटा चालत होता, गोळी तेवढी चालत नव्हती. आणि आमच्या घरात आठवड्यातले निम्मे दिवस उपास होते. ज्या मैयासाठी ते उपास होते, तिनं असं कधी मागितलं असेल का? जे गेलं ते परत येईलच असं नाही, डॉक्टर म्हणाले. बी-ट्वेल्व्हचा भाग सुधारेल, चाल थोडी सुधारेल कदाचित. पण गोळी चुकली नाही, तरच पुढचं आटोक्यात राहील. चुकत राहिली, तर उरलेलंही जाईल.

पुढचा सोमवार आला. बाबा देवघरापुढे बसले होते आणि गोळीला हात लावायला तयार नव्हते. मी तयारीनं गेले होते. उपास म्हणजे काय, धर्म म्हणजे काय, शरीर म्हणजे काय, सगळं एका दमात बोलले. माझ्या प्रत्येक वाक्याचं पत्रक झालं असतं. बाबा तोंड उघडायचे आणि मी पुढचं वाक्य टाकायची. शेवटी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शब्द शोधत शोधत ते म्हणाले, ‘‘बेटा, मला बोलायला वेळ लागून राहिला आता. तू थांबतच नाहीस.’’

किती महिने हा माणूस बोलू बघत असेल, आणि एका घरात राहून आम्ही दोघी ते मौन समजत होतो! त्या क्षणी पहिल्यांदा मी नर्मदामैयाकडे काही मागितलं. शब्दांनी नाही. माझ्याजवळचे सगळे मुद्दे संपले होते, तेवढंच. मी खाली बसले आणि थांबले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिलाही मी हातानं थांब म्हटलं. कुकरच्या शिट्ट्या झाल्या. खाली भाजीवाला ओरडून गेला. बाबा देवापुढच्या पाण्याच्या तांब्याकडे बघत होते.

‘‘हे पाणी,’’ ते म्हणाले, ‘‘नळाचं?’’

‘‘हो बाबा. गाळलेलं.’’

पुन्हा बराच वेळ गेला.

‘‘म्हणजे मैयाचंच. तूच लिहितेस ना.’’

त्यांनी गोळी तुळशीच्या पानावर ठेवली, देवापुढे सरकवली आणि हात जोडले. मग ते पान उचललं, पळीभर पाणी तळहातावर घेतलं आणि तीर्थ घेतात तशी गोळी घेतली. ओला हात डोक्यावरून फिरवला. ‘‘प्रसाद उपासाला चालतो,’’ आईकडे बघून ते म्हणाले, आणि किंचित हसले. किती दिवसांनी हसले होते! आईनं डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, ‘‘चलो, आता वाद घालायला लागले म्हणजे बरे होणार.’’

ते पूर्वीसारखे झाले नाहीत. क्रिकेटवरून भांडत नाहीत. थोडं बरं चालतात, थोडं जास्त बोलतात, आणि गोळी चुकत नाही. वैराग्य समजून आम्ही जे महिने घालवले, ते मला कुणी परत देणार नाही. आई म्हणते, ती बाई म्हणजे साक्षात मैयाच होती. मी वाद घालत नाही. माझ्यासाठी ती शहपुऱ्याची एक बाई होती, कोथिंबीर घेऊन आलेली, आणि स्वतःच्या घरात जे हरवलं ते दुसऱ्याच्या घरात वाचवायला एवढ्या लांब आलेली. याहून मोठी कृपा कशी असते, मला माहीत नाही.

आता सकाळी मी आणि आई बाबांबरोबर जातो. त्यांच्या मागून, त्यांच्या चालीनं. प्रदक्षिणेला वेळ लागतो, लागू दे. परवा एक मुलगी थांबून बघत होती. आपल्या आईला म्हणाली, ‘‘कितनी श्रद्धा है ना, मम्मी! अपने दादाजी भी ऐसे ही चलते हैं.’’ मी बाबांचा हात आईच्या हातात दिला, त्या दोघींजवळ गेले आणि म्हटलं, ‘‘दीदी, एक मिनट. दादाजी को डॉक्टर को दिखाया?’’

त्या मुलीच्या आईच्या कपाळावर आठी चढली. रागावली होती. मी ओळखला तो राग, आणि तिथेच थांबून राहिले.