साहेबांच्या नदीवर आबा

भावा गणपा, बाहत्तरच्या दुष्काळात मी कराड सोडलं, त्या दिवशी आबा मला एस.टी. स्टँडपर्यंत पोचवायलाही आले नाहीत. कृष्णेत नुसती डबकी उरली होती आणि भोयाचं पोर नदी सोडून चाललंय म्हणून ते चिडले होते. दारातूनच म्हणाले, "जा. पानी आसंल तितं जा."

पाणी मिळालं. फौजेतल्या मामाच्या वशिल्याने मी हिमाचलात नदीचा राखणदार झालो. तिथला ट्राउट नावाचा मासा परवाना काढलेल्या साहेबांनी गळानेच धरायचा. साहेबांच्या त्या पट्ट्यात जाळ्याला सक्त बंदी. मार्चमध्ये डोंगरावर जाऊन मोजणीच्या खांबावर बर्फ किती चढलाय ते बघायचं आणि मासेमारीचा हंगाम कसा जाईल ते ऑफिसच्या फळ्यावर लिहायचं, हे माझं काम. खाकी अंगावर चढली आणि मी स्वतःला फार शहाणा समजू लागलो.

त्याच तोऱ्यात एका वर्षी आबांना पत्र टाकलं: यंदा बर्फ कमी आहे, वैशाखात नदी उतरलेली असेल, खालच्या अंगाला जाळं चालतं, या. ते आले, वळकटीत आपलं फेकायचं जाळं बांधून. आणि ऐन एप्रिलअखेर डोंगरावर बर्फ कोसळला. उन्हाने तो वितळला, नदी गढूळ होऊन फुगली. खालच्या अंगाला पाय ठेवायची सोय राहिली नाही. आठ दिवस आबा काठावर बसून होते. "येकडाव तुज्यासंगं जाळं टाकतो, मग मेलो तरी चालंल," एवढंच म्हणायचे.

निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी साहेबांच्या बंगल्यामागच्या संथ पाण्यात जाळं टाकलं. बंदीचं मी सांगितलं होतं, पण त्यांना कुठलं राहवतंय! नेमके आमचे मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन तिथे आले. मी त्यांच्या मागे. साहेबांनी मला विचारलं, "जानते हो इसे?"

"नहीं साब. कोई मजदूर होगा."

आबांना हिंदी येत नव्हती, पण तेवढं कळलं. त्यांनी जाळं ओढून काढलं, माझ्या पायाशी ठेवलं आणि मला, पोटच्या पोराला, हात जोडले. "चुकलं, सायेब."

दुपारी बसमध्ये चढताना म्हणाले, "तुजी नोकरी ऱ्हावी म्हनून तसं केलं. मनाला लावून घिऊ नगंस." आणि तोंड फिरवून बसले.

जाळं रेल्वेत चोरीला गेलं, असं त्यांनी तुला सांगितलं. तू त्यांना वेंधळे म्हणून चिडवत राहिलास. चोर मी आहे, गणपा. आबा होते तोवर हे कबूल करायची माझी छाती झाली नाही.

बर्फाचा माझा अंदाज आता सहसा चुकत नाही. तू लिहितोस, ये, घर तुझंच आहे. कसा येऊ? कृष्णेच्या घाटावरची म्हातारी माणसं येणाऱ्याला आधी विचारतात, "कुनाचा रं तू?" घर त्या प्रश्नाच्या पलीकडे आहे, आणि त्याचं उत्तर मी साहेबांना देऊन बसलोय.