दादाची गोळी आणि अमेरिकेचा चंद्र

आमच्या दादाने शुगरच्या गोळ्या बंद केल्या, हे वहिनीने मला फोनवर रडत सांगितलं. कारण विचारलं तर म्हणाली, "ते म्हणतेत, माणूस चंद्रावर गेलाच नाही."

मला वाटलं शुगर डोक्यात चढली. पण हिशेब सरळ होता. दादाच्या फोनवर एक गृहस्थ रोज दर्शन देतो. चंद्रावरचं सगळं शूटिंग स्टुडिओतलं, असं तो सांगतो. शुगर नावाचा आजार औषधवाल्यांनी धंद्यासाठी रचला, हेही तोच सांगतो. पहिलं खरं तर दुसरंही खरं. बियाणं घेताना दुकानदाराला रडकुंडीला आणणारा माझा भाऊ या अनोळखी इसमावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवतो.

मी गोंदियाला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. तिथे पोरं माझं ऐकतात, पण पिकतं तिथे विकत नाही. जिल्ह्यातल्याच गोरेगावजवळच्या आमच्या गावी जाऊन मी भांडले. दादाने शांतपणे अट घातली.

"तू सायन्सवाली हायेस ना? माणूस चंद्रावर गेला हे दाखव मले. त्याच दिवशी गोळी चालू करतो."

दादा शब्द मोडत नाही. म्हणून मी कंबर कसली.

पहिला आक्षेप चंद्रावरच्या झेंड्याचा. हवा नाही, तर तो हलला कसा? मी दादाला प्रयोगशाळेत आणलं. काचेच्या बरणीत चिंधी टांगली, पंपाने हवा काढून घेतली आणि बरणीला धक्का दिला. एरवी लगेच थांबणारी चिंधी कितीतरी वेळ हलत राहिली, कारण अडवायला हवाच नव्हती. दादा खूश झाला.

"बेस झालं," तो म्हणाला. "म्हणजे त्यायनं बी अशीच बरणी आणली असन. मोठी."

मग ताऱ्यांचं. फोटोतल्या काळ्या आकाशात तारे का नाहीत? मी अंगणात हॅलोजन लावून दादाचाच फोटो काढला. डोक्यावर आकाश ताऱ्यांनी भरलेलं, फोटोत एकही नाही. उजेडातला माणूस नीट यावा म्हणून कॅमेरा इतका थोडा प्रकाश घेतो की फिकट तारे उमटतच नाहीत. दादाने तो फोटो वहिनीपुढे धरला.

"पाहून घे. मी बी चंद्रावर जाऊन आलो. अंगणातूनच."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. मी जे जे करून दाखवत होते, ते पृथ्वीवर करता येतं हेच सिद्ध होत होतं. माझा प्रत्येक यशस्वी प्रयोग त्याचाच साक्षीदार होत होता, आणि प्रयोग चंद्रावर न्यावा तर माझ्याकडे स्कूटीच आहे. इकडे पाणी पिऊन पिऊनही दादाची तहान भागेना. मला त्याचा राग यायचा आणि मागोमाग भीती वाटायची.

उरला पावलाचा ठसा. यात दादा स्वतःच तज्ज्ञ, सगळा जन्म धानाच्या बांधीत, भाताच्या चिखलात गेलेला.

"ठसा चिखलात उमटते," तो म्हणाला. "चंद्रावर पाणी कुठचं?"

मी त्याला गावाबाहेरच्या राईस मिलवर नेलं. तिथल्या बॉयलरमध्ये भुसा जळतो. त्याची बारीक, कोरडी राख मी एका कोपऱ्यात पसरली आणि त्यात बूट दाबला. ठसा अगदी रेखीव उमटला. मजूर बघायला जमले. दादाने राख चिमटीत घेऊन चोळली.

"तूनं सकाळीच पाणी शिंपडलं असन," म्हणत त्याने चप्पल काढली आणि मागच्या मोठ्या ढिगावर चढला. तिथे माझा हात लागलेला नव्हता, म्हणजे ती राख प्रामाणिक. घोट्यापर्यंत पाय रुतवून त्याने तिथूनच भाषण सुरू केलं. अमेरिकेजवळ पैसा होता, राख बी होती, मग ते चंद्रावर कायले जातीन?

"उतरा जी," एक मजूर म्हणाला. "आजचीच राख हाये. आतून विस्तव हाये."

"राख तं थंडी हाये," दादा म्हणाला.

मी त्याला खाली ओढायला वाकले आणि माझी बोटं राखेत गेली. चटक्याने मी हात झटकला. बोटं लालबुंद झाली होती. दादा त्याच राखेत उभा राहून मला हसत होता.

आम्ही त्याला धरून उतरवलं, पायावर पाणी ओतलं. तळवा सोलवटला होता, कडेने फोड येत होते. शुगर वाढत गेली की पायाच्या नसा बधिर होतात, हे डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं. आता तो दुसऱ्या कोणाचा पाय बघावा तसा स्वतःच्या पायाकडे बघत होता. मजुरांच्या देखत मला रडू फुटलं.

आम्ही ऑटोने दवाखान्यात निघालो. कित्येक महिन्यांत त्याने मला प्रश्न असा विचारलाच नव्हता, सगळी उत्तरं त्याच्या खिशात होती. त्याने माझी भाजलेली बोटं हातात घेतली आणि बराच वेळ पाहिली.

"बाई," तो म्हणाला, "किती गरम होती वं ते राख?"